बाबांच्या जीपमधून निळ्या तळ्याकडे

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कुठेच जाणार नव्हतो, कारण सासरे, म्हणजे बाबा, घराबाहेर पडायला तयार नव्हते. बाबा आर्वी डेपोतले निवृत्त एसटी ड्रायव्हर. मधूनमधून चक्कर येते म्हणून सेवाग्रामच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली आणि महिन्याने पुन्हा तपासायला बोलावलं. महिना कधीच उलटून गेला. "दुसऱ्याच्या गाडीत मी बसत नाई," एवढंच त्यांचं उत्तर. दिवसभर खुर्ची, पेपर आणि मिटलेलं तोंड. सासूबाईंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी त्याही गप्प झाल्या.

नवऱ्याने हौसेने घेतलेला एक गेम टीव्हीला जोडून तसाच पडला होता. मोठं मोकळं बेट, एक जीप, वाटेल तिकडे भटकायचं. मी कंट्रोलर बाबांच्या हातात दिला आणि म्हटलं, "चला, सहलीला."

"कोणाले मारायचं हाय?"

"कोणालाच नाही. यात मारामारी नसते."

"मंग जिंकायचं कसं?"

"जिंकायचंही नाही. नुसतं फिरायचं."

मी बिनतिकीट प्रवास करताना सापडल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण जीप सुरू केली.

पहिल्या दुपारी आम्ही समुद्रकाठाने जंगलापर्यंत गेलो. रस्ता झकास, एकही खड्डा नाही. डावीकडे पाणी, उजवीकडे सोंगणीला आलेल्या सोयाबीनसारखं पिवळं गवत. अख्ख्या बेटावर आमच्याशिवाय गाडी नव्हती, तरी बाबा प्रत्येक वळणावर हॉर्न देत होते. गवतात हरणं दिसली. मी म्हटलं, "थांबा ना, फोटो काढू."

"इथं थांबा नाई."

दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या लाकडी झोपडीपर्यंत पोहोचलो. जाणाऱ्यांसाठी सूचना: खायचं बरोबर ठेवा. तिथे काहीच मिळत नाही. "एवढं मोठं बेट, अन् चहाची एक टपरी नाई," बाबा खरोखर नाराज झाले. शेवटी आमच्याच स्वयंपाकघरातून कोथिंबिरीची सांबारवडी आली. ती घेऊन आलेल्या सासूबाई, म्हणजे आई, तिथेच टेकल्या आणि टीव्हीकडे बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी त्या आमच्याआधी येऊन बसल्या. डोंगरावरून खाली एक निळं तळं दिसत होतं. "तिकडं न्या ना," त्या म्हणाल्या.

"तिकडं रस्ता नाई."

"अवो, गवतावरून न्या."

"रस्ता सोडून गाडी नेत नसतात."

आई शांतपणे म्हणाल्या, "जनमभर लोकाले फिरवलं तुमी. मले कवा कुठं नेलं?"

मी कालच्या उरलेल्या वडीवर लक्ष केंद्रित केलं. बाबांनी कंट्रोलर आईंपुढे धरला. "घे. तूच ने."

आईंनी नेली. सरळ उतारावरून, झुडपं तुडवत, दोन कोलांट्या खात. बाबा खुर्चीतून उठून "ब्रेक मार व, ब्रेक" करेपर्यंत जीप तळ्यात. गेम मात्र भला माणूस. त्याने काही न बोलता जीप काठावर आणून उभी केली.

"डेपोत असती तं त्याच दिवशी सस्पेंड झाली असती," बाबा म्हणाले आणि हसायला लागले. डॉक्टरांनी गाडी बंद केल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"पोचलो ना पण," आई म्हणाल्या.

पाण्यावर पांढरे पक्षी उतरत होते. बाबांनी विचारलं, "आता कुठं?"

"कुठीच नाई. पाहू द्या जरा."

ते पुन्हा बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "बगळेच हायत काय व ते?"

चौथ्या दिवशी सकाळी आई चांगलं पातळ नेसून तयार होत्या. "सेवाग्रामले जाऊन येऊ. तुमी खिडकीजवळ बसजा."

बाबांनी चप्पल घातली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी ती परत काढली असती.

आम्हा तिघांना खरांगण्यामार्गे जाणारी वर्ध्याची एसटी मिळाली; वर्ध्याहून सेवाग्राम जवळच. बायकांना अर्धं तिकीट, बाबांकडे पास. पहिला अर्धा रस्ता ते ड्रायव्हरच्या चुका सांगत होते. "हा गिअर लय उशिरा टाकते." मग सागाचं रान सुरू झालं आणि बोलणं थांबलं. ते बाहेर बघत होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, चक्कर कानामुळे येते, गोळ्यांनी कमी होईल. गाडी मात्र अजून नको. बाबांनी मान हलवली, वाद घातला नाही. वर्ध्याला तुपातल्या बिस्किटांचा, गोरसपाकाचा, पुडा घेतला.

परतीच्या गाडीचा ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकलेला निघाला. "या उस्ताद, समोर माझ्याजवळ बसा."

बाबा क्षणभर थबकले. स्टिअरिंगकडे पाहिलं. "नाई रे," ते म्हणाले, "मी मांगं बसतो. बायको एकटी हाय." मी शेजारीच उभी होते, पण मला त्यांनी मोजलं नाही.

घरी येऊन आता आठवडा झाला. बेट अजून अर्धं बघायचं राहिलंय, पण बाबांना खऱ्या सहलीची घाई झाली आहे. कुठेही चालेल, कोणाच्याही गाडीत बसतील. अट एकच घातली आहे: आईंना गाडी द्यायची नाही.