शालीखालचं गर्भाशय

अन्याय टेंभरे मॅडमवर झाला. केव्हा? यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात, पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली त्याच क्षणी. प्राचार्यांनी सत्काराची शाल उचलली आणि मॅडमच्या मॉडेलवर टाकली.

मॅडम आम्हाला गोंदियात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायच्या. 'गर्भाशय' म्हटल्यावर कोणी खुसखुसलं की खडू नेमका त्याच्याच डोक्यावर. "कायले हसून राहिला रे? तू काय धानाच्या बांधीत उगवला का?" पोरींवरही राग. "पोटात दुखते तं 'तिकडं दुखते' म्हणता. डॉक्टर काय दिशा पाहून गोळी देईन?"

आदल्या वर्षी त्यांनी बाईचं गर्भाशय मांडलं, तर प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पालक येतात हो!" म्हणून यंदा मॅडमनी ऑस्ट्रेलियातला, उंदराएवढा, पोटाला पिशवी असलेला प्राणी निवडला. म्हणाल्या, "याचे पालक काही येत नाहीत."

मॉडेल ब्लाउजच्या अस्तराचं. या प्राण्याला गर्भाशयं दोन, म्हणून शिवलेल्या पिशव्यांच्या जोड्या. पहिली जोडी पातळ, गर्भ राहण्याआधीची. दुसरी कापूस भरून जाड केलेली, कारण अस्तर वाढतं, त्यातल्या ग्रंथी फुगतात, गर्भाला पोसतात. तिसरीत लाल दोऱ्यांच्या रक्तवाहिन्या; शेवटी गर्भाभोवतीचं पातळ कवच विरतं आणि तो अस्तराला चिकटतो. पुढे ठेवलेली तांदळाची एक कणी. पिल्लू जन्मतं ते एवढंच.

तर पाहुणे आले. शालीखाली काहीतरी झाकलेलं, शेजारी नारळ. त्यांना वाटलं, अनावरण आहे. त्यांनी शाल ओढली, नारळ फोडला. टाळ्या!

"वा! काय आहे हे?"

प्राचार्यांना खोकला आला. मॅडम म्हणाल्या, "गर्भाशय, साहेब. उद्घाटन झालंच आहे तं पाहून घ्या."

साहेबांनी चष्मा चढवून कणी पाहिली. "एवढुसं?" मग भिंतीला चिकटलेल्या पोरीही पुढे आल्या. एकीने मोठ्यानं विचारलं, "मॅडम, आपलं गर्भाशय एकच असते का?"

पुढच्याच आठवड्यात मॅडमची बदली झाली, संस्थेच्या चिचगडच्या शाळेत. मॉडेल इथेच, प्राचार्यांच्या कपाटात, कुलपात. बसच्या खिडकीतून मला म्हणाल्या, "माह्या बदलीविरुद्ध पत्रकं वाटत फिरून राहिली ना? मंग त्यात हे लिही. पण शब्द गाळू नको, नाही तं चिचगडहून खडू मारीन."

या पत्रकात तो शब्द गाळला नाही. आता तुमची पाळी. शाळेत जा, कपाटाची किल्ली मागा. कशाला, असं विचारतीलच. तेव्हा 'तिकडचं' म्हणू नका. गर्भाशय पाहायचं आहे म्हणा. मोठ्यानं.