मागचं बाकडं

माझ्या मावशीचे यजमान रेल्वेत सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते स्टेशनमास्तर ठरवायचे, पण सांधा प्रत्यक्ष फिरवायचे ते आमचे काका. हात राकट, बोलणं मोजकं. जिभेला मात्र फार कळायचं. जेवणात मीठ कणभर इकडचं तिकडे झालं की पहिल्याच घासाला सांगत. मावशी म्हणे, “देवानं तुमच्या जिभेला हाड नाही दिलं, पण तराजू दिलाय.”

आमची ब्रदरन पंथाची ख्रिस्ती मंडळी यार्डामागच्या भाड्याच्या खोलीत भरे. पाळक नाही, बाजाची पेटी नाही. मधोमध मेज, त्यावर पांढऱ्या कापडाखाली एक पाव आणि एक प्याला, भोवती खुर्च्या. रविवारी सगळे गप्प बसत. ज्या भावाला आतून वाटेल त्यानं उठून प्रार्थना करायची, पाव मोडायचा; ती प्रभूची भाकर मग हातोहात फिरे. बायकांनी डोकं झाकायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. पाव मावशी भाजायची. प्रभूच्या मेजावरचा तो. त्याला बरा-वाईट म्हणायची आमच्यात रीतच नव्हती; घरी तसाच भाजला की मीठ काका सांगत. तेव्हा फिटर, फायरमन, गार्ड यांच्या घरच्या माणसांनी खोली इतकी भरे की मुलं खिडकीत बसत.

कारभार मामांकडे होता. मामा म्हणजे मावशीचे थोरले भाऊ, इंजिनड्रायव्हर. सचोटीचा माणूस, पण एकदा धरलं ते सोडायचं ठाऊक नाही.

रुळांपलीकडे दुसरं चर्च होतं. तिथला एक फिटर काकांचा जिवाभावाचा मित्र. तो अंथरुणाला खिळला, अखेरचे दिवस आले, तेव्हा त्याचे पाळक त्याला प्रभुभोजन, म्हणजे त्यांच्या मेजावरची भाकर, द्यायला आले. “तूही घे रे माझ्याबरोबर,” तो काकांना म्हणाला. काकांनी घेतलं. आमच्यात दुसऱ्यांची भाकर घेणं म्हणजे आपलं मेज सोडल्यासारखं. पुढच्या रविवारी मामांनी सगळ्यांदेखत विषय काढला.

“चुकलो म्हणा, भाऊ. आम्ही विसरून जाऊ.”

“माणूस मरत होता,” काका म्हणाले. “त्यानं हात पुढे केला. चुकलो कसं म्हणू?”

त्या दिवसापासून काका मागच्या बाकड्यावर. बसायची मुभा, पण भाकर नाही, प्रार्थना नाही, आणि मंडळीनं बोलावल्याशिवाय मेजापाशी यायचं नाही. सभेत त्यांना ‘भाऊ’ म्हणणारे मामा आता नुसतं ‘दाजी’ म्हणू लागले.

दुसरा कुणी असता तर तिकडे पुन्हा फिरकला नसता. काकांनी रविवार चुकवला नाही. मावशीनं भाजलेला पाव हातोहात फिरे आणि बाकड्याच्या अलीकडूनच परते. मला मामांचा संताप यायचा. खोटं कशाला बोलू, अजून येतो. घरी मावशीनं तसा पाव पुन्हा कधी भाजला नाही. “तिथे मिळत नाही तो इथे कशाला?” एवढंच म्हणायची.

मग इंजिनांची लोको शेड बंद झाली. एकेका घराची बदली होत गेली, खुर्च्या रिकाम्या पडल्या. शेवटी मामाही गेले. बाकड्याबद्दल अवाक्षर न बोलता गेले. त्यांच्या शवपेटीला पुढचा खांदा काकांनी दिला.

पुढच्या रविवारी मेजाभोवती आम्ही तिघी: मामी, मावशी आणि मी. मागे काका. पाव झाकलेला. पुरुष एकच, आणि त्याला बोलावल्याशिवाय उठता येईना. बोलवायचं तर आम्हाला तोंड उघडता येईना. आज भाकर मोडली नाही तर मंडळी संपली, हे चौघांनाही कळत होतं. मावशीनं काही करावं तर नवऱ्यासाठी केलं असं झालं असतं. ती मान खाली घालून रडत होती.

मामी उठली. तिनं मेजाचं एक टोक धरलं आणि मावशीकडे पाहिलं. मग त्या दोघी म्हाताऱ्यांनी मेज उचललं. वाटेतली खुर्ची मी बाजूला ओढली. प्याला हिंदकळला, कापडावर डाग पडला, तरी त्या थांबल्या नाहीत. मेज मागच्या बाकड्यासमोर टेकलं, आणि मामी काकांच्या शेजारी जाऊन बसली.

काका उभे राहिले.

“बापा,” ते म्हणाले, “ज्यानं हे मेज इतकी वर्षं राखलं, त्याच्यासाठी तुझे आभार मानतो.”

मामीनं तोंडाला रुमाल लावला. काकांनी पाव मोडला.

घरी परतताना यार्डाच्या कुंपणापाशी ते मावशीला म्हणाले, “पाव खारट झालाय गं. फारच.”

“नेहमी घालते तेवढंच मीठ घातलंय.”

“मग इतकी वर्षं कुणी बोललं नाही?”

मावशी जागीच थांबली.

“बोलणार कोण?” ती म्हणाली. “सांगणारा माणूस मागे बसला होता ना.”