कुठली वाडी?

माझा उजवा हात कोपरापर्यंत त्यांच्या संडासाच्या पाइपात होता, तेव्हा बाई दारातून म्हणाल्या, "अरे, त्याला हात लावू नकोस."

कशाला, ते मला आधी कळलंच नाही. कमोड मी उचलून जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवला होता. जमिनीतलं पाइपाचं तोंड उघडं होतं. ग्लोव्हज काढून ठेवले होते, कारण ग्लोव्हज घातले की बोटांना काही कळत नाही. हाताला जे लागलं ते मी बाहेर काढलं. मऊ करडी माती. मातीत अडकलेली दुर्वांची जुडी. आणि सोनेरी रंग लागलेला एक तुकडा.

"तो देव आहे," बाई म्हणाल्या. "तू नको. तुझा हात नको त्याला."

देव त्यांच्या संडासाच्या लाइनीत होता. तिथे तो मी घातला नव्हता.

मी कुवेतमध्ये प्लंबर आहे. गावाकडे आयटीआय केलं, मुंबईत काही वर्षं काढली, मग एजंटाच्या ओळखीने इकडे आलो. मेंटेनन्सची कंपनी. सकाळी फोरमन व्हॅनमध्ये बसवतो आणि दिवसभर या बिल्डिंगीतून त्या बिल्डिंगीत. कधी दस्मान, कधी बनेद अल-गार, कधी पार शुऐबाचे कामगारांचे कॅम्प. शुऐबाला कुणी खुशीने जात नाही.

घरातल्या संडासाच्या तक्रारी सगळीकडे सारख्याच. कुवेती असो, इजिप्तचा असो, आपला डॉक्टर-इंजिनियर असो. टाकीतून पाणी सारखं झिरपतं, कारण तळाचा रबरी वॉशर कडक झालेला असतो. दोन मिनिटांचं काम, पण लोक आठवडेच्या आठवडे ते झुळझुळ पाणी ऐकत बसतात. टाकी भरत नाही, तेव्हा फ्लोट अडकलेला असतो किंवा व्हॉल्व्हच्या तोंडाशी वाळू बसलेली असते. कमोड डुगडुगतो, तर लोक खाली पांढरं सिमेंट थापतात आणि आतून गळत राहतं. अरे, बोल्ट आवळा, सील बदला. फ्लश केल्यावर पाणी वर चढतं, तेव्हा आधी पंप मारायचा, मग तारेची लांब स्प्रिंग आत घालायची. ॲसिड ओतायचं नाही. ॲसिड ओतून ठेवतात, सांगत नाहीत, आणि हात माझे भाजतात. उन्हाळ्यात लोक महिना-दीड महिना भारतात जातात. परत येऊन दार उघडतात तर घरभर घाण वास. बिघडलेलं काहीच नसतं. जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वळणातलं, पाणी आटलेलं असतं. बादलीभर पाणी ओता, वास बंद.

एवढं कुणालाही येण्यासारखं आहे. पण लोकांना संडासाकडे बघायचंच नसतं. बघायला मी आहे.

त्या दिवशी फोरमनने मला बनेद अल-गारला उतरवलं. "इंडियन डॉक्टर का घर है, दोनों टॉयलेट जाम. फॅमिली है, अच्छे से बात करना." फोरमन केरळचा. वाईट माणूस नाही, पण कंपनीचा माणूस. माझा इकामा संपत आला होता. इकामा म्हणजे इथे राहण्याचा कागद. तो नवा करायचा की मला विमानात बसवायचं, ते कंपनीच्या हातात. त्यामुळे मी त्या दिवसांत सगळ्यांशीच अच्छे से बोलत होतो.

दार बाईंनी उघडलं. आत हॉलमध्ये गणपतीचं मखर. दिव्यांच्या माळा अजून लुकलुकत होत्या. विसर्जन झालेलं होतं, पाट रिकामा होता. माझ्या तोंडून गेलं, "गणपती बसवला होता वाटतं."

"अय्या, तुम्ही मराठी!" बाई हरखल्या. "या ना, या. किती बरं वाटलं. इथे प्लंबर म्हणजे सगळे बंगाली नाहीतर पठाण. कुठले तुम्ही?"

मी तालुक्याचं नाव सांगितलं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांच्या सासरचं मूळ गाव माझ्या गावाला लागूनच. आमच्या गावाच्या देवळात त्यांचं दरवर्षी जाणं. म्हणाल्या, "बघा, कुठे भेट व्हायची होती! आधी चहा घ्या, मग काम. मी आधण ठेवतेच."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? खूप बरं वाटलं. परदेशात कुणी आपल्या भाषेत "आधी चहा घ्या" म्हणतं तेव्हा माणूस विरघळतो.

चहाचं भांडं गॅसवर चढवता चढवता बाईंनी आतून विचारलं, "आणि वाडी कुठली तुमची?"

जात आता कुणी विचारत नाही. शिकलेली माणसं तर नाहीच नाही. वाडी विचारतात. कोकणातलं गाव म्हणजे वाड्या. कुणाची वरची, कुणाची खालची, कुणाची देवळाजवळची. वाडीचं नाव सांगितलं की बाकी सगळं आपोआप सांगून होतं. फरवानियाला मी राहायचो त्या खोलीत कोकणातली पोरं होती. तीही येताच हेच विचारायची. मी आजवर म्हणायचो, "स्टँडच्या जरा पुढे." लोक समजायचे आणि गप्प बसायचे.

त्या दिवशी चहाच्या वासाने म्हणा की बाईंच्या बोलण्याने म्हणा, मी सरळ उत्तर दिलं. "बौद्धवाडी."

आतून गॅस बंद केल्याचा टक् असा आवाज आला.

बाई बाहेर आल्या त्या नॅपकिनला हात पुसत. चहाचा विषय निघाला नाही. म्हणाल्या, "बाथरूम तिकडे आहे. मखराजवळून नको जाऊस, भिंतीच्या कडेने जा."

मी भिंतीच्या कडेने गेलो. हो, गेलो. इकामा डोक्यात होता.

पंप मारला, काही नाही. स्प्रिंग घातली, ती पुढे जाऊन मऊ कशात तरी रुतली. कागद नव्हे, कपडा नव्हे. मी विचारलं, "मॅडम, आत काही टाकलंत का?" बाई दारात येऊन म्हणाल्या, "छे, आम्ही कशाला टाकू? फक्त विसर्जनाचं पाणी ओतलं. तेही संडासात नाही हं, बाथरूमच्या जाळीत."

इथे गणपती समुद्रावर नेता येत नाही. जो तो घरातच बादलीत, टबमध्ये विसर्जन करतो. त्यात वाईट काही नाही. शाडू विरघळला की ती माती कुंडीत घालायची. पण फ्लॅटमध्ये कुंड्या नव्हत्या. खाली टाकायला वॉचमन देत नाही. म्हणून यांनी सगळा गाळ, दुर्वा-फुलांसकट, बाथरूमच्या जाळीत ओतला. बाईंच्या मनात जाळी वेगळी आणि संडास वेगळा. जाळी शुद्ध, संडास अशुद्ध. त्या बिल्डिंगीत फरशीखाली हातभर अंतरावर दोन्ही एकाच पाइपाला मिळतात. पाइपाला सोवळंओवळं कळत नाही.

मी कमोड काढला, बसलो आणि हात घातला. आणि मग ते वाक्य आलं. तुझा हात नको त्याला.

हातात माती घेऊन मी बसून राहिलो. आणि मला बाबा दिसले.

गावात सरकारी योजनेचे संडास आले तेव्हा वरच्या वाडीतल्या एका मोठ्या घराचा खड्डा बाबांनी खणला होता. जांभा दगड फोडून. मी शाळेतून सुटलो की भाकरी घेऊन जायचो. बाबा तहानले की मालकीणबाई ओटीवरूनच पाणी ओतायची, बाबा खाली करवंटी धरायचे. ती करवंटी कुंपणाच्या काठीला अडकवलेली असायची. खड्डा झाला, भिंती झाल्या, भांडं बसलं. शेवटच्या दिवशी त्या घरातल्यांनी तांब्या आणला आणि आत गोमूत्र शिंपडलं. शुद्ध करून घेतलं. काय शुद्ध करून घेतलं? संडास. ज्यात ते हगणार होते तो संडास माझ्या बापाच्या हाताने बाटला होता. बाबा फावडं धुत बाजूला उभे होते. त्यांनी मान वर केली नाही. घरी येताना मी विचारलं तर म्हणाले, "चल गप."

मी गप बसलो होतो तेव्हा. त्यानंतरही कितीतरी वेळा.

बाई दारातच होत्या. हातात प्लास्टिकचा डबा होता. बहुधा माती त्यात घ्यायची होती, पण घेणार कोण ते त्यांनाही सुचत नव्हतं. म्हणाल्या, "तू जरा बाजूला हो. ह्यांना फोन करते."

मी हातातली माती परत पाइपाच्या तोंडाशी ठेवली. जिथून काढली तिथेच. उठलो. स्प्रिंग गुंडाळली, पाने-हत्यारं पिशवीत भरली.

"अरे, चाललास कुठे?"

"मॅडम, माझा हात चालत नाही ना," मी म्हणालो. "मग तुम्हीच काढा."

आणि निघालो. भिंतीच्या कडेने नाही. मखरासमोरून, हॉलच्या मधोमध. मागे कमोड वर्तमानपत्रावर पडलेला, पाइप उघडा, दोन्ही संडास बंद. बाई काहीतरी ओरडत होत्या. लिफ्टमध्ये मी इकाम्याचे उरलेले दिवस मोजत होतो, तेही सांगतो. शूरबिर काही वाटत नव्हतं.

दुपारी कंपनीने सलीमला तिथे पाठवलं. सलीम बांगलादेशचा, तेव्हा माझ्याच खोलीत राहायचा. संध्याकाळी तो आला आणि पलंगावर आडवा झाला.

मी विचारलं, "क्या निकला?"

"मिट्टी, भाई. पूरा मिट्टी. और फूल-पत्ती. दो थैली भर गया."

"हाथ से निकाला?"

"हाथ से नहीं तो क्या मुँह से निकालेगा?" सलीम हसला. "मॅडम अच्छा है. चाय पिलाया. बिस्कुट दिया."

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. सलीमवर राग नव्हता. त्याने काम केलं, चहा प्याला, हक्काचाच होता. पण त्या एका कप चहाने माझं डोकं लख्ख झालं. तोवर मी मनात बाईंच्या बाजूनेही बोलत होतो. देवाचं आहे, बाईमाणूस घाबरली असेल, संडासात घातलेला हात बघून किळस आली असेल. सगळं खोटं. सलीमचा हातही संडासातच होता. सलीमचा देवही वेगळा. त्याच्या हाताने माती बाटली नाही. किळस घाणीची नव्हती, परक्याचीही नव्हती. हजारो मैल ओलांडून आणलेली ती किळस खास माझ्यासाठी राखून ठेवलेली होती. सलीमला त्यांनी वाडी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी फोरमनने ऑफिसात बोलावलं. डॉक्टरांनी तक्रार केली होती. काम अर्धवट टाकलं, मॅडमशी उद्धट बोलला.

मी सगळं सांगितलं. फोरमनने कपाळाला हात लावला. "अरे यार, ये तुम्हारा घर का बात इधर क्यों लाया? फोन पर सॉरी बोल दो, खतम. इकामा का टाइम है तेरा. सॉरी बोलने में क्या जाता है?"

त्याने नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"हं, बोल," डॉक्टर म्हणाले.

फोरमन हाताने खुणा करत होता, बोल, बोल. डॉक्टरच पुढे म्हणाले, "हे बघ, तू उगाच गैरसमज करून घेतलास. आमच्याकडे आम्ही असलं काही मानत नाही. मिसेसच्या मनात तसं काही नव्हतं."

"मग सलीमने हात लावलेला कसा चालला?" मी विचारलं.

पलीकडचा आवाज बदलला. "मला ओपीडी आहे. सॉरी म्हणायचंय ना तुला? म्हण आणि विषय संपव."

"डॉक्टर, काम मी अर्धं टाकलं. त्याची कंपनी देईल ती शिक्षा घेईन. पण सॉरी म्हणणार नाही. सॉरी तुमच्या घरातून यायला पाहिजे."

फोन कट झाला. फोरमन माझ्याकडे बघत राहिला. मराठी त्याला कळलं नसेल, पण मी काय केलं ते कळलं. "पागल है तू," तो म्हणाला. "सामान बाँध. शुऐबा."

आता मी शुऐबाला आहे. कामगारांच्या कॅम्पवर. इथे संडासांची रांग आहे आणि रोज काही ना काही तुंबलेलं असतं. रिफायनरीचा वास आणि हा वास, कुठला कुठला ते कळत नाही. इकाम्याचं अजून काही झालेलं नाही. होईलही, नाहीही होणार.

शुक्रवारी दुपारी बाबांचा फोन आला. कुणीतरी गावात बातमी पोचवली होती. बाबांचा आवाज घाबरलेला.

"म्हनून टाकायचां व्हतां रे सॉरी," बाबा म्हणाले. "काय आंगाला भोकां पडनार व्हती?"

"पडली असती, बाबा," मी म्हणालो. "तुमच्या अंगाला पडलेली मी बघितलीत."

मला त्यांना दुखवायचं नव्हतं, पण शब्द मागे घेतले नाहीत. बाबांनी हळूच विचारलं, "आनि घालवलानी तर?"

"घालवू देत. घरी येईन, तिथले पाइप काढीन. हात माझेच आहेत."

इकामा होवो न होवो. शुऐबाला ठेवोत नाहीतर विमानात कोंबोत. घाणीत हात घालायला मी कधी नाही म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही, ती माझी भाकरी आहे. पण ज्याला माझा हात चालत नाही, त्याच्या घरात तो घालणार नाही. आणि जन्माला आल्याबद्दल सॉरी मी कुणालाही म्हणणार नाही.