कळलावीची मुळी

त्या सकाळी मी बोथच्या कॉलेजात कळलावीचं शास्त्रीय नाव शिकवत होते, आणि तिकडे आदिलाबादच्या दवाखान्यात माझ्या धाकट्या बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण, त्यात अंगात रक्त कमी. माझा जीव टांगणीला, तोंडानं मात्र लॅटिन चालू. ग्लोरिओसा सुपर्बा. यातलं सुपर्बा हे विशेषण. 'सुपर' म्हणजे वर, त्यातून ते निघालं. जो स्वतःला सगळ्यांच्या वर समजतो तो सुपर्बस, म्हणजे गर्विष्ठ. त्याचाच दुसरा अर्थ दिमाखदार. नपुंसकलिंगी नाम असलं तर सुपर्बम. ग्लोरिओसा पडली स्त्रीलिंगी, म्हणून सुपर्बा. आपल्यात नाही का, काळा बैल, काळी गाय, काळं वासरू? पोरं हसली. मी पुन्हा फोन पाहिला.

दुपारी पोचले तर आई प्रसूतीच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी. मुलगी झाली होती, बाळ चांगलं होतं, पण बहिणीचं रक्त थांबत नव्हतं. आईनं मला बाजूला ओढलं. आमच्यात अडलेल्या बाईच्या केसांत कळलावीची मुळी बांधतात, सुटका लवकर व्हावी म्हणून. बाळ बाहेर आलं की लगेच काढायची. राहिली तर ती बाईची पिशवीही बाहेर ओढते म्हणतात. आईनं ती गुपचूप अंबाड्यात खोवली होती, आणि तेवढ्यात नर्सनं तिला बाहेर घालवलं.

"मुळी तिच्या डोक्यातच राह्यली वं," आई म्हणाली. "म्हणून थांबून नाही राह्यलं."

एरवी मी आईला फाडून खाल्लं असतं. मुळी विषारी खरी, पण पोटात गेली तर. केसांतून ती काय ओढणार? हे मी दरवर्षी वर्गात सांगते. पण कसलं शिक्षण अन् कसलं काय! मी दार ठोठावलं, नर्सचे दोन्ही हात धरले आणि तेलुगूत विनवलं की तिच्या अंबाड्यात मुळी आहे, आधी ती काढा. नर्स वैतागून आत गेली. पाठोपाठ रक्ताची बाटली गेली. आई देवाला नवस बोलत होती, मी तिचा पदर मुठीत धरून बसले होते.

रक्त थांबलं. इंजेक्शननं थांबलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण दार उघडून नर्स बाहेर आली, तेव्हा बहीण कशी आहे हे मी विचारलंच नाही.

"मुळी काढली का?" एवढंच माझ्या तोंडातून निघालं.