कुंकू नसलेलं मशीन

ती घटना आठवली की आजही माझ्या नाकात झेंडूचा आणि मशीनच्या तेलाचा वास एकदम शिरतो. चामराजपेटच्या बाजूला एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. तेव्हा माझा आवाज असा होता, की मी ठाण्यात शिंकलो तर मार्केटातली कबुतरं उडून थेट के. आर. पुरमला जाऊन बसायची. बायको म्हणते हे खोटं आहे. पण ती तेव्हा ठाण्यात नव्हती.

खंडेनवमीचा आदला दिवस होता. बेंगळुरूत तिला आयुधपूजा म्हणतात आणि ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार त्या दिवशी देव होतं. रिक्षा, तराजू, कात्री, लॅपटॉप, सगळ्यांना कुंकू. आमचे हवालदारही रायफली पुसत होते आणि बेड्या अशा घासत होते, की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

अशा घाईत दोघी जणी आल्या. एक इंदिरानगरच्या मॅडम, मूळच्या पुण्याच्या, नोकरी आयटीतली आणि उरलेला जीव निराधार बायकामुलांच्या एका संस्थेत गुंतलेला. दुसरी त्या संस्थेच्या आश्रमात राहणारी बाई, आमच्या निपाणीकडची. मारकुट्या नवऱ्याला सोडून मुलीसह आली होती. शिवण शिकली. संस्थेने तिला एक जुनं, पण डागडुजी केलेलं मशीन दिलं, चामराजपेटेत दुकानासाठी एक खोली बघून दिली. मशीन खोलीत ठेवून ती बाजारात जाऊन आली, तर मशीन गायब. कुलूप जसंच्या तसं.

मी फिर्याद लिहून घ्यायला सांगितली. बाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "साहेब, मशीन मिळालं न्हाई तर माझी पोरगी मला मिळत न्हाई."

प्रकरण असं होतं, की सात वर्षांची मुलगी मुलींच्या वसतिगृहात होती. आईचा धंदा उभा राहिल्याचं दिसलं, की तिला आईकडे पाठवायचं असं बाल कल्याण समितीने ठरवलं होतं. दसरा झाला की समितीची माणसं दुकान बघायला येणार होती.

खोलीच्या मालकाचा जबाब घेतला. पांढरा सदरा, कपाळाला गंध, बोलणं लोण्यासारखं. तो म्हणाला, बाईनेच दुपारी मशीन रिक्षात घालून नेलं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, विकलं असेल, ह्या आश्रमातल्या बायकांचं काय सांगावं. मॅडमचा चेहरा पडला. बाजूला येऊन मला म्हणाल्या, "ॲक्च्युअली सर, आम्हाला तिच्यावर डाउट घ्यायचा नाहीये, पण कमिटीला काय सांगू?"

मी म्हटलं, दोन दिवस काहीच सांगू नका. न विचारता दुसऱ्याच्या चारित्र्यावर बोलणारा साक्षीदार भेटला, की मी आधी त्याच्याच घराची दिशा विचारून घेतो. शिवाय कुलूप शाबूत होतं आणि दुसरी किल्ली मालकाकडे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली ती कोपऱ्यावर कोहळे विकणाऱ्या अक्काकडून. आयुधपूजेला गाडीपुढे, मशीनपुढे कोहळा फोडतात, त्यामुळे त्या दिवसांत अक्काच्या नजरेतून गल्लीतली सुईसुद्धा सुटत नसे. आमच्या वायरलेसपेक्षा तिची खबर लवकर यायची.

"अण्णा," ती म्हणाली, "काल मालकाच्या शिलाईच्या शेडात एक मशीन गेलं, गोणपाटात गुंडाळून. सणाला मशीन आणणारा त्याला हार घालून आणतो. हे मढ्यासारखं झाकून का नेलं?"

दोन पंच आणि त्या बाईला घेऊन शेडवर गेलो. आत मशिनांची रांग. एकजात काळी, जुनी, नंबरपट्ट्या झिजून गेलेल्या. पूजा आटोपली होती, कारागीर चुरमुरे-फुटाणे खात होते. मालक म्हणाला, सगळी मशिनं त्याचीच, वर्षानुवर्षं इथेच आहेत. बाईने शेवटचं मशीन ओळखलं, पण तिचं तोंड आणि त्याचं तोंड, कोर्टात दोन्ही सारखीच.

मी रांगेवरून हळूहळू चालत गेलो. प्रत्येक मशीनला कुंकू, वर फूल. शेवटचं मात्र कोरं.

"ह्याला कुंकू नाही?"

"ह्याचा टेलर गावाला गेलाय, सर."

"पूजा टेलर करतात की तुम्ही?"

फुटाणे खाणारा एक म्हातारा टेलर सहज बोलून गेला, की पूजा दरवर्षी मालकच करतात, सगळ्यांची, स्वतःच्या हाताने. मालकाने त्याच्याकडे असं पाहिलं, की म्हाताऱ्याच्या हातातला फुटाणा परत कागदात गेला.

मी आधी पंचांसमोर कोऱ्या मशीनचे फोटो काढून घेतले. मग कुंकवाची वाटी पुढे केली. "राहिलं असेल गडबडीत. आता लावा. मशीनवर हात ठेवा, माझं आहे म्हणा, कोहळा फोडा. मी निघालो."

मालकाने बोट कुंकवात बुडवलं. हात मशीनपर्यंत गेला आणि वीतभर अलीकडे थांबला. नोकरीत मी पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणारे ढिगाने पाहिले. पण ह्या दिवशी, ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यावर हात ठेवून खोटं बोलणारा धंदेवाला मला भेटलेला नाही. वर्षभराची बरकत जाते अशी त्यांची पक्की समजूत. मी नुसता उभा होतो. माझी मिशीसुद्धा हलली नाही, आणि त्या मिशीवर तेव्हा दोन लिंबं ठेवता येत असत.

शेवटी तो खालीच बसला. "सरी, बरं सर. माझं नाही ते." मोठी ऑर्डर होती, एक मशीन कमी पडत होतं.

"पण तिचंच का?"

"आश्रमातली बाई, सर. तिच्या मागं कोण येणार, असं वाटलं."

मी त्याला दाराकडे बघायला सांगितलं. जीपच्या मागोमाग अख्खा आश्रम चालत आला होता. सणाच्या साड्या नेसलेल्या बायका, पुढे मॅडम. मला दोनशे दिसल्या. हवालदार म्हणतो पंधरा. त्याचा चष्मा तेव्हाही जुनाच होता.

मुद्देमाल ठाण्यात आणला, तर आमची पूजा व्हायची होती. मांडणी झाली ती अशी: रायफली, बेड्या, वायरलेस, शिलाई मशीन. बाईने पहिलं कुंकू मशीनला लावलं आणि उरलेलं रायफलींना. कोर्टाच्या हुकमाने सुपूर्दनाम्यावर मशीन तिला लवकरच परत मिळालं. समितीची माणसं दुकान बघायला आली तेव्हा ती एका हवालदाराच्या शर्टाला काजं करत होती. मुलगी त्याच आठवड्यात घरी आली.

ह्या केसने मला एक शिकवलं. संस्थेने मशीन दिलं, खोली दिली, ते मोठंच. पण चोराला तिच्या मागं कोणी दिसलं नाही, म्हणून त्याचा हात तिच्या वस्तूपर्यंत पोचला. मदत करायची असेल तर देऊन मोकळं होऊ नये, मागं उभं राहिलेलं दिसावं.

आता मी निवृत्त आहे आणि पोट वाढतंय. पँटी सैल करायला तिच्याच दुकानात जातो. माप मुलगी घेते. परवा मी पोट आत ओढून ताठ उभा राहिलो, तर तिने टेप तशीच धरून ठेवली.

"मामा, श्वास सोडा. खरं माप पाहिजे."

पस्तीस वर्षं लोकांना खरं बोलायला लावलं. मी श्वास सोडला.