चिंचेच्या पाण्यातल्या पुंगळ्या

लंडनमध्ये एजवेअरला ज्या घरात आम्ही वरची खोली भाड्यानं घेतली आहे, त्याच्या मागच्या शेडमध्ये एक व्हाइस म्हणजे लोखंडी शिकंजा, एक हँडप्रेस आणि उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांनी भरलेली बादली असते. घरमालक काका मूळ मुंबईचे मराठी ज्यू. मुलं-नातवंडं इंग्लिशच बोलतात. माझी बायको हॉस्पिटलमध्ये नर्स आहे आणि मी तिच्या व्हिसावर आलेला, नववीत शाळा सोडलेला, वेअरहाउसमध्ये खोकी लावणारा. इतर घरमालकांनी आम्हाला दारातूनच वाटेला लावलं होतं. काकांनी एवढंच विचारलं, "आमटीत चिंच घालता की आमसूल?" मी म्हटलं, चिंच. "मग या आत."

या उपकाराचं माझ्यावर फार ओझं आहे. काका हाक मारतात तेव्हा मी जेवणावरून उठून धावतो.

काकांना नेमबाजीचा शौक. लायसन्सचं लांब नळीचं, मोठ्या गोळीचं रिव्हॉल्व्हर पोलादी कपाटात कुलूपबंद असतं. किल्ली कुठे असते ते मला माहीत नाही आणि मला कळायलाही नको. दारू आणि गोळी भरायचं काम त्यांचं. रिकाम्या पुंगळीला मात्र लायसन्स लागत नाही, आणि त्यांची बोटं संधिवातानं वाकलीत, म्हणून पुंगळ्यांची तयारी माझ्याकडे आली. आधी त्या अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात, फिरत्या डब्यात घोळवून स्वच्छ करायच्या. मग प्रेसच्या साच्यात घालून दांडा खाली ओढायचा. उडताना फुगलेली पुंगळी मापात येते आणि बुडाची, ठिणगी देणारी टिकली जळलेली असते ती खाली पडते. मग लांबी मोजायची, तोंड जरासं फाकवायचं म्हणजे नवी गोळी नीट बसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चीर शोधायची. मूठभर पुंगळ्या ओंजळीत खुळखुळवल्या की चिरलेलीचा आवाज बद्द येतो.

"एखादी फाटली तर माझ्या हातात फाटेल, तुझ्या नाही," काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते. ते हसत होते. मला काही हसू आलं नाही.

मागच्या महिन्यात फिरत्या डब्याची मोटर जळली. काका मुलीकडे गेले होते. रविवारी त्यांना नेमबाजीच्या रेंजवर जायचं होतं. (शनिवार त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी ते बंदुकीला हात लावत नाहीत.) मला वाटलं, ते यायच्या आत पुंगळ्या लखलखीत करून ठेवू. गावी देवाची पितळी भांडी मीच घासायचो. चिंच कोळली, गरम पाण्यात कालवली, सगळ्या पुंगळ्या त्यात बुडवल्या आणि शिफ्टला गेलो.

परत आलो तर पुंगळ्या गुलाबी झाल्या होत्या. पितळ नाही, तांबंच वाटावं अशा. कितीही धुतल्या तरी रंग जाईना.

बायको म्हणाली, "काका आले की आधी सांग. जेवायच्या आधी."

सांगितलं. काकांनी चष्मा वर करून एक पुंगळी खिडकीशी धरली.

"आंबटानं पितळातलं जस्त खाल्लं रे. किती वेळ होती?"

"पूर्ण शिफ्ट."

"भांडी कोणी एवढा वेळ भिजत ठेवतं का?"

त्यांनी एक पुंगळी मला पक्कडीत दाबायला लावली. ती मुकाट चेपली. दुसरी तोंडापासून अर्ध्यापर्यंत तडकली.

"चिंचेमुळे?" मी विचारलं.

"चिंचेमुळे असेल, म्हातारपणामुळे असेल. नुकसान वरवरचंच असेल कदाचित. पण ते ‘कदाचित’ मी हातात धरून चाप ओढू का?"

मग एकेक पुंगळी व्हाइसमध्ये चेपून त्यांनी भंगाराच्या डब्यात टाकली. चुकून कोणी परत वापरू नये म्हणून. मला डोळ्यांसमोर आमची वरची खोली दिसत होती, भिंतीला लावलेल्या आमच्या बॅगा दिसत होत्या.

"काका, आम्ही दुसरीकडे बघतो."

"बायकोला विचारलंस?"

"नाही."

"तिची नाइट चालू आहे. झोपू दे तिला." त्यांनी फळीवरून पुंगळ्यांचा दुसरा डबा काढला. "ह्या घे. साबणाच्या पाण्यानं धू, नीट वाळव. चिंच आमटीत."

"मी नको, काका. तुम्हीच करा."

त्यांनी आपली बोटं माझ्यासमोर धरली. मिटता येतील तेवढी मिटली, म्हणजे अर्धीच. मी डबा घेतला.

त्या आठवड्यात मी प्रत्येक पुंगळी दिव्याखाली फिरवली, खुळखुळवली, पुन्हा फिरवली. झोपेतही बद्द आवाज यायचा आणि मी उठून बसायचो. एक पुंगळी संशयापोटीच चेपली. काकांनी डब्यात बघितली, नुसतं हुं केलं.

रविवारी काकांनी मला बरोबर नेलं. मी मागे, पिवळ्या रेघेच्या अलीकडे, कानांवर आवाज अडवणारे मफ लावून उभा. काकांनी दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर उचललं. मी डोळे मिटले, पण छातीत धक्का बसलाच. डोळे उघडले, पुन्हा बसला. मला लक्ष्य दिसत नव्हतं, मी त्यांची वाकडी बोटं तेवढी बघत होतो.

चक्रातल्या गोळ्या संपल्या. काकांनी पुंगळ्या बाहेर काढून रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, मागे वळले आणि उजवा पंजा माझ्याकडे करून दाखवला, उलटा, मग सुलटा. मग पुंगळ्या माझ्या टोपीत ओतल्या. गरम होत्या. मी तिथेच ओंजळीत घेऊन खुळखुळवायला लागलो.

"मफ तरी काढ," काका म्हणाले.