पंडितरावांचा गोड आठवडा

पिंगळीच्या पुढं रूळ ओलांडला की माझ्या शाळेचं गाव लागतं. त्या फाटकावर पंडितराव सोनकांबळे बारा वर्षं गेटमन आहेत आणि पलीकडच्या गावात मी नऊ वर्षं मास्तर. ह्या नऊ वर्षांतले किती तास मी बंद फाटकासमोर मोटारसायकलवर एक पाय टेकून काढले, ते देवालाच ठाऊक. शिवाय रविवारी परभणीला आम्ही दोघं चर्चच्या एकाच मंडळीत उपासनेला बसतो. त्यामुळं पंडितराव मला आठवड्याचे सातही दिवस पाठ आहेत.

त्यांच्या नावामुळं घोटाळे फार. आजोबांपासून घर ख्रिस्ती, वडलांचं नाव शांतवन. पण हे जन्मले तेव्हा आजीला कुणीतरी सांगितलं की पोरगं लय हुशार निघणार, म्हणून तिनं हौसेनं पंडित नाव ठेवलं. एकदा एक बाई पोराची पत्रिका घेऊन थेट फाटकावर आली. पंडितराव म्हणाले, "माज्याकडं एकच मुहूर्त निघतो बाई, गाडीचा. आन् त्योबी रोज टळतो."

माणूस कामाला चोख. स्टेशनातून फोन आला की फाटक पडणार म्हणजे पडणार, मग समोर मोठा साहेब असो की म्हशींचा कळप. पण जीभ! एकदा एकजण गाडीवरून ओरडला, "अहो, उघडा की, माझी सासू शिरेस हाय!" पंडितराव शांतपणे म्हणाले, "मग तुमाला घाई कशाची?" सगळे हसले, तो मात्र रडवेला झाला. आणि त्यांचं रोजचं ठेवणीतलं वाक्य होतं, "लय घाई असंल तर कालच यायचं होतं." दिवसातून वीस वेळा तरी ते ऐकू यायचं. आम्ही नेहमीचे लोक त्याची वाटच बघायचो.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. पंडितराव गावात भुजंगच्या गिरणीवर ज्वारी दळायला गेले होते. रांगेत त्यांच्या मागं कडूबाई होती. सत्तरीची म्हातारी, एकटीच राहते, हातात चार शेराचं गाठोडं. ती भुजंगला म्हणाली, "बाबा, माझं तेवढं पैलं टाक रं. उभं राहवना." भुजंगनं मान वर न करता उत्तर दिलं, "लय घाई असंल तर कालच यायचं होतं."

रांग खदखदून हसली. कडूबाईनं गाठोडं पोटाशी धरलं आणि भिंतीला टेकली. पंडितरावांना हसू आलंच नाही. आपलंच वाक्य, तोच सूर, शेवटचा हेलसुद्धा तोच, पण दुसऱ्याच्या तोंडून. त्यांनी आपला डबा मागं घेतला, कडूबाईचं गाठोडं स्वतःच्या जागी ठेवलं आणि म्हणाले, "मावशी, चुकलं माजं."

"तुजं काय चुकलं? बोलला त्यो भुजंग."

"बोलला त्यो, पर माल माजा हाय."

कडूबाईला काही उमगलं नाही. ती म्हणाली, "पीठ बारीक काढाय सांग त्याला."

हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. म्हणाले, "मास्तर, मला वाटायचं मी आपला फाटकावर बसून बोलतो, वारं घिऊन जातंय. वारं कुटं न्यायलंय ते आज कळलं."

त्याच रविवारी पास्टर शमुवेल यांचा उपदेश नेमका मिठावर निघाला. विश्वासी माणसानं जगात मिठासारखं असावं. डाळीत मीठ दिसत नाही, पण नसलं तर पहिल्या घासालाच कळतं. तुम्ही जिथं बसता, जिथं कामाला जाता, तिथल्या माणसांना तुमच्यामुळं कसली चव लागते, ते ह्या आठवड्यात बघा. पंडितराव पहिल्या बाकावर ताठ बसून ऐकत होते. रेल्वेचा माणूस. वरून आदेश आला की अंमल सोमवारपासून.

सोमवारी सकाळी एक तरणा मोटारसायकलवाला गाडी तिरकी करून फाटकाखालून निघाला. एरवी त्याचा सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. पंडितरावांनी दोन्ही हात जोडले आणि मधाळ आवाजात म्हणाले, "दादा, जपून जावा. घरी तुमच्यावर जीव लावणारी मान्सं वाट बगायलीत." तो इतका घाबरला की गाडी वळवून सरळ घरी गेला, सगळे धड आहेत का ते बघायला.

मंगळवारी त्यांनी उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला "सुखाचा प्रवास हो" म्हटलं. त्यानं खाली उतरून चारी चाकं तपासली.

बुधवारी गावात बातमी पसरली की पंडितराव सरपंचपदाला उभे राहणार आहेत. ते राहतात परभणीला, पण एवढा विचार कोण करतं? गुरुवारी दुसरी बातमी आली की नांदेडच्या डॉक्टरनं त्यांना सहाच महिने दिलेत. ही मात्र सगळ्यांना पटली. शुक्रवारी गावातल्या चार बाया परभणीला बाजाराला आल्या, तेव्हा शहाळी घेऊन त्यांच्या घरी गेल्या. त्यांच्या पत्नी राजेश्रीबाई अंगणात पापड वाळवत होत्या. एकीनं त्यांच्या गळ्यात पडून हुंदकाच दिला. "धीर सोडू नका ताई. मानूस लय चांगला व्हता."

"व्हता?" राजेश्रीबाईंच्या हातातला पापड खाली पडला.

संध्याकाळी पंडितराव ड्यूटीवरून आले तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. "तुमी आपलं पयल्यासारखं खेकसा बरं. मला भ्या वाटायलंय. काल तर मला तुमी 'धन्यवाद' म्हणलात."

सगळ्यांत हाल झाले दिनकररावांचे. दिनकरराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार. सात वर्षांपूर्वी पंडितरावांनी त्यांच्या नव्या कोऱ्या गाडीच्या नाकासमोर फाटक पाडलं होतं, गाडीत पाहुणे असताना. वरून सगळ्यांदेखत ते 'कालच यायचं होतं' हे वाक्यही ऐकवलं होतं. तेव्हापासून दिनकररावांनी पंडितरावांच्या बदलीसाठी दोन अर्ज केले होते. पंडितराव गोड बोलायलेत हे ऐकून त्यांना वाटलं, बदलीचा हुकूम आला. ते पेढे घेऊनच फाटकावर आले. "घ्या पंडितराव, तोंड गोड करा. जायलाव म्हनं."

पंडितरावांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "प्रभू तुमचं भलं करो, मालक. तुमच्या घरी सुख नांदो."

दिनकररावांनी स्वतःच्या तोंडात टाकलेला पेढा घशात अडकला. इतकं गोड बोलणाऱ्या माणसानं आपल्याविरुद्ध नक्की काहीतरी मोठं करून ठेवलंय, अशी त्यांची खात्री झाली. पुढचे दोन दिवस ते अकरा किलोमीटरचा वळसा घालून परभणीला गेले, पण फाटकावर फिरकले नाहीत.

आणि स्वतः पंडितराव? शनिवारपर्यंत त्यांचं डोकं ठणकायला लागलं. आठवडाभर गिळलेलं सगळं त्यांनी घरच्या शेळीवर काढलं. ती बिचारी पापडाकडं नुसतं बघत होती. तिला अर्धा तास उभं करून बोलले. राजेश्रीबाई म्हणतात, त्या शेळीनं पुढं दोन दिवस दूध चोरलं.

रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या लिंबाखाली आम्ही चौघं उभे होतो: पास्टर, हे दोघं नवराबायको आणि मी. पंडितरावांनी सगळी कहाणी सांगितली आणि म्हणाले, "पास्टर साहेब, मला न्हाई जमायचं. मी चांगलं बोललो की लोकं मयताची तयारी करायलेत."

पास्टरांनी हसू कसंबसं आवरलं. "पंडितराव, मी कशाबद्दल बोललो होतो?"

"मिठाबद्दल."

"मग तुम्ही काय वाटलंत आठवडाभर?"

पंडितरावांनी बायकोकडं बघितलं. राजेश्रीबाई म्हणाल्या, "साखर. आन् तीबी बळंच."

"बघा," पास्टर म्हणाले, "जीभ देवानंच दिली तुम्हाला, ती काही बदलून मिळत नाही. तुम्ही लोकांना हसवता. फक्त हसल्यावर एक माणूस रडवेला उरतो का, तेवढं बघत जा. कुणी उरला नाही, की समजा मीठ बरोबर पडलं."

पंडितराव "बगतो" म्हणाले. चेहऱ्यावरून काही फारसं पटलेलं दिसत नव्हतं.

मे महिन्यात दिनकररावांच्या मुलीचं, वैष्णवीचं लग्न निघालं. माझी विद्यार्थिनी, म्हणून मलाही बोलावणं होतं. मुलगा मानवतचा, बापाचं कापसाचं दुकान. लग्न नवरीच्या दारी, मुहूर्त दुपारी बारा अडतीसचा. वऱ्हाड वाट चुकू नये म्हणून दिनकरराव स्वतः पिंगळीपर्यंत सामोरे आले होते. पुढं त्यांची गाडी, मागं नवरदेवाची, मग दोन बस, आणि सगळ्यांत मागं मोटारसायकलवर मी. बारा वाजता आम्ही फाटकावर पोचलो. फाटक बंद.

एक मालगाडी आली, सावकाश सावकाश पुढं सरकली आणि बरोबर रस्त्यावर येऊन थांबली. इंजिन तिकडं कुठंतरी पुढं, शेपूट मागं दिसेना. पुढचा सिग्नल लाल.

सव्वाबारा झाले. ऊन मी म्हणत होतं. नवरदेवाच्या फेट्यातून घाम गळायला लागला. दिनकरराव गाडीतून उतरून पंडितरावांच्या खोलीकडं गेले. "पंडित! हालव गाडी!"

"मालक, हालवायला ती काय बैलगाडी हाय? मी फोन केलाय. सिग्नल मिळाल्याबिगर न्हाई सुटायची."

"तू मुद्दाम करायलास! सात वर्सं झाली, मला माज्या दारात बेइज्जत करायची वाट बगायलास!"

वऱ्हाडातले चारजण दिनकररावांच्या मागं येऊन उभे राहिले. शिव्या सुरू झाल्या. पंडितरावांचा चेहरा लाल झाला. मी त्यांना ओळखतो, ओठ हलले होते, ते कालचं वाक्य पार दातापर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

तेवढ्यात मागून आरडाओरडा झाला. नवरदेवाचे तीन मित्र त्याला घेऊन मालगाडीकडं निघाले होते. दोन डब्यांच्या मधून वाकून पलीकडं जायचं, तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून मांडवात. "दोन मिनिटांचं काम हाय, चल!" एकजण खाली शिरलासुद्धा होता. नवरदेव शेरवानी वर धरून वाकला.

पंडितराव धावले. चौपन्न वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं, पण असे धावले की टोपी मागं राहिली. त्यांनी आधी त्या मित्राला पायाला धरून बाहेर ओढलं आणि मग नवरदेवाचं उपरणं पकडलं.

"सोडा!" नवरदेव चिडून म्हणाला. "मुहूर्त चाललाय माझा!"

पंडितरावांना दम लागला होता. त्यांनी मालगाडीकडं बघितलं, नवरदेवाकडं बघितलं, आणि सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आहो नवरदेव, इकडं तुमी, तिकडं नवरी, मदी ही मालगाडी. म्हंजे ह्यो अंतरपाट झाला का न्हाई? बेचाळीस डब्यांचा! एवढा मोठा अंतरपाट उभ्या परभणी जिल्ह्यात कुणाच्या लग्नात धरला न्हाई. आन् अंतरपाटाखालून वाकून नवरीकडं गेल्याला नवरदेव मी तरी अजून बगितला न्हाई. सासरच्यांनी बगितलं तर जलमभर चिडवतील. उबं ऱ्हावा जरा. अंतरपाट आपसूक बाजूला व्हतो."

पहिल्यांदा नवरदेवच हसला. त्याचे मित्र हसले, मग बसच्या खिडक्यांमधून बाया हसल्या. हसण्याच्या त्या गलक्यातच गाडीला एक धक्का बसला. खण्ण खण्ण करत सगळे डबे एकामागून एक ओढले गेले आणि चाकं फिरली.

हसू तिथंच विरलं. ज्या दोन डब्यांमधून ते जाणार होते, ते डबे आमच्या डोळ्यांसमोरून सरकत पुढं गेले. पायाला धरून बाहेर ओढलेला मित्र मटकन रुळाशेजारच्या खडीवर बसला. नवरदेवाच्या आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग वऱ्हाडातल्या कुणीतरी आजोबांनी खणखणीत आवाजात मंगलाष्टक सुरू केलं, कदाचित भीती घालवायला. बायांनी सूर धरला. अक्षतांची पिशवी फुटली. शेवटचा डबा आला तेव्हा "सावधान" झालं आणि दोन बस माणसांनी एकदम अक्षता टाकल्या. त्या गेल्या गार्डच्या अंगावर. बिचारा हिरवी झेंडी धरून उभा होता. त्याला काही कळेना, पण भला माणूस, त्यानं वाकून सगळ्यांना नमस्कार केला.

वैष्णवीचं खरं लग्न एक वाजून दहा मिनिटांनी लागलं. मुहूर्त टळल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दिनकरराव फाटक उघडल्यावर लगेच गाडीत बसले नव्हते. ते पंडितरावांजवळ आले, खाली पडलेली टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली. तीन वाजता मांडवातून जेवणाचा चार पुडांचा डबा आला. आणणारा माणूस म्हणाला, "मालकानं सांगितलंय, जिलबी गरम हाय तवर खावा." अर्ज पुढं काय झाले मी विचारलं नाही. अकरा वर्षांची बारा झाली, तरी पंडितराव तिथंच आहेत.

त्यानंतरच्या रविवारी पास्टरांनी त्यांना साक्ष द्यायला, म्हणजे देवानं काय केलं ते मंडळीपुढं सांगायला, उभं केलं. पंडितराव पुढं गेले, घसा खाकरला आणि दहा मिनिटं बंद फाटकाखालून जाण्याचे धोके सांगितले. शेवटी म्हणाले, "देवाची कृपा झाली. आन् मला त्या वक्ताला शिवी सुचली न्हाई, ही त्याच्यापेक्षा मोठी कृपा." आणि खाली बसले.

माणूस पार बदलला असं मी म्हणणार नाही. परवाच एका टेम्पोवाल्याला त्यांनी असं झाडलं की बाभळीवरचे कावळे उडाले. पण नंतर त्याला बोलावून माठातलं पाणी दिलं. फाटकापाशी आता लोक गाड्या बंद करतात, खाली उतरतात, एकमेकांशी बोलतात. कडूबाई गावात येता-जाता त्यांच्या खोलीच्या सावलीला टेकते.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मला उशीर झाला आणि फाटक बंद. मी घड्याळ बघत हॉर्न वाजवला. पंडितराव खोलीतून बाहेर आले.

"मास्तर, खामखा कशाला हैरान व्हायलाव? तुमी आला न्हाईत म्हून तिकडं साठ लेकरं खूश हायेत. ऱ्हाऊ द्या त्यास्नी धा मिनिटं." आणि त्यांनी खिशातून शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या.